मेटल डिटेक्टर: आकडा बघायचा का आवाज ऐकायचा?

मृणाल_लिंकन

नमस्कार मंडळी, इथे मेटल डिटेक्टिंग करणारं कुणी असेल तर जरा मदत हवीये. मी इंग्लंडात लिंकनशायरला असते, इकडे हा छंद बराच जोरात आहे आणि मलाही तो मनापासून आवडायला लागलाय. मशीन मायनलॅब इक्विनॉक्स ८००, सेकंडहँड घेतलेलं. जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याने लेखी परवानगी दिलीये, एक गव्हाचं शेत आहे तिथे कापणी झाली की नुसती धसकटं उरतात तेव्हा जाते, आणि दुसरं नांगरलेलं, मोठमोठ्या ढेकळांचं. खड्डा नीट बुजवणं, फाटक लावून घेणं, कचरा सगळा पिशवीत घालून घरी आणणं हे सगळं जमतंय पण सिग्नलचं गणित डोक्यात बसत नाहीये.

म्हणजे बघा, या मशीनच्या स्क्रीनवर उणे ९ ते ४० असे आकडे येतात. लोखंड उण्यात, फॉइल वगैरे खाली, तांबं-चांदी वर असं मी वाचलेलं. प्रत्यक्षात काय होतं, १३-१४ असा ठाम आकडा आला म्हणून खणलं तर कोल्ड्रिंकच्या कॅनची ओढायची रिंग, आणि थोडं पुढे गेल्यावर तस्साच १३-१४ आला तर शिशाचा गोळा. ३७-३८ वर एकदम खणखणीत वाजलं आणि निघाला हाताच्या पंजाएवढा गंजका पत्रा. आणि ५-६ वर नुसतं किरकिरत होतं तिथून निघाला मध्ययुगातल्या चांदीच्या पेनीचा कापलेला पाव तुकडा!! मला वाटलेलं चांदी म्हणजे मोठा आकडा.

क्लबातले एक आजोबा म्हणतात स्क्रीनवर चिकटपट्टी लाव आणि फक्त ऐक. दुसरे एक म्हणतात २० च्या खालचं खणूच नको, आयुष्य कमी पडेल. कुणाचं ऐकू? आणि एका बाजूने कॉइल (दांडीच्या टोकाची गोल तबकडी) फिरवली की छान वाजतं पण उलट बाजूने येताना गप्प, हे काय असतं? आवाजाचे ५ टोन ठेवावेत का ५०? आणि घरच्या घरी सराव करायचा काही मार्ग असेल तर तोही सांगा प्लीज.

नॉरफोकचा_नाना

मृणालताई, आधी पाव पेनीबद्दल मनापासून अभिनंदन, ही फार सुंदर वस्तू असते. तिच्यावरच्या क्रॉसची रेघ थेट कडेपर्यंत गेलीये का बघा, १२४७ पासूनच्या पेनीवर ती कडेपर्यंत जाते, त्याआधीच्या नाण्यांवर आखूड असते. त्या क्रॉसच्या रेषेवरच कापून अर्धी आणि पाव करायचे, सुटे पैसे म्हणून. पूर्ण पेनीचंच वजन दीड ग्रॅमच्या आत, म्हणजे पाव तुकडा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी आणि एकदम पातळ. एवढ्याशा चांदीचा आकडा मोठा येणार कुठून? चांदी वर वाजते हे जाड, मोठ्या नाण्यांना लागू आहे, हाफ क्राऊन वगैरे. स्क्रीनवरचा आकडा धातूचं नाव सांगत नाही, धातू, आकार, जाडी, जमिनीत तो आडवा पडलाय का उभा, या सगळ्याची मिळून गोळाबेरीज सांगतो. म्हणून रिंग आणि शिसं एकाच आकड्यावर आले.

२० च्या खालचं खणू नको हा सल्ला मात्र माझ्या मते इंग्लंडातल्या शेतासाठी साफ चुकीचा आहे. कापलेल्या पेन्या, रोमन काळाच्या शेवटच्या टप्प्यातली बारकी बारकी कांस्याची नाणी, लोहयुगातली स्टेटर नावाची सोन्याची नाणी, बायकांच्या सोन्याच्या अंगठ्या, हे सगळं बऱ्याचदा २० च्या खालीच येतं. २० च्या वरचंच खणलं तर व्हिक्टोरियाच्या मोठ्या पेन्या मिळतील, आणि त्यांच्याबरोबर कॅनचे पत्रे. चिकटपट्टीवाल्या आजोबांच्या बाजूने मी जास्त आहे, फक्त पट्टी खरंच लावू नका, आकडा किती *हलतो* ते बघायला स्क्रीन उपयोगी पडतो.

आता तुमचा एका बाजूने वाजणारा सिग्नल. हे बहुतेक वेळा लोखंड असतं, विशेषतः वाकलेला खिळा. त्याच्या टोकाशी मशीन फसतं आणि उंच टोन देतं. यावर उपाय सोपा आहे, जिथे वाजलं तिथे उभं राहून कॉइल आखूड आखूड हलवा, मग स्वतः चालत जाऊन नव्वद अंशातून तेच करा. चांगली वस्तू चारी बाजूंनी तोच सूर धरते, आकडा फार तर एखाद-दोनने सरकतो. खिळा एका दिशेने गोड बोलतो आणि दुसऱ्या दिशेने घोगरा होतो किंवा तुटतो. दुसरी खूण म्हणजे जागा. पिनपॉइंटचं बटण दाबून मध्य शोधा, उंच टोन जिथे येत होता त्यापासून मध्य चार बोटं बाजूला सरकला तर लोखंडच समजा. तिसरं, घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं बटण आहे ना, ते दाबलं की डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळणं, बंद होतं आणि लपवलेलं लोखंडही ऐकू यायला लागतं. मी तर ते चालूच ठेवतो, घुर्रघुर्र सतत चालू असते पण जमिनीत काय काय आहे याचं चित्र कानात तयार होतं. जिथे खिळे खूप तिथे कधीकाळी घर होतं, आणि घर होतं तिथे माणसांच्या खिशातून पडलेलंही असतं. लोखंड सगळं गप्प करून चाललं की ही माहितीच हातातून जाते.

तुमचा ३७-३८ वाला पत्रा: मोठं चपटं लोखंड वरच वाजतं, यात मशीनचा दोष नाही. अशा वेळी कॉइल हळूहळू वर उचला. छोटी वस्तू असेल तर आवाज वीतभर उंचीवर मरतो, पत्रा गुडघ्यापाशीही ओरडतच राहतो. आवाजाची लांबी पण ऐका, नाण्याचा टोन टुक् असा आखूड असतो, दोन्ही कडा स्वच्छ. कॅनचा चुरा, जो नांगराने आणि गवत कापायच्या मशीनने फाटून शेतभर पसरलेला असतो, त्याचा टोन फाटका येतो आणि आकडा प्रत्येक फेरीला वेगळा.

टोन सुरुवातीला ५ च ठेवा. ५० मधे बारकावे फार छान कळतात पण कान तयार नसताना त्याचा नुसता गोंगाट होतो. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एक सिग्नल संपवून मशीन पुढच्यासाठी किती पटकन तयार होतं, ८०० ला १ ते ८ आहे, खिळ्यांनी भरलेल्या जागी ६ च्या आसपास, मोकळ्या शेतात ४-५. स्पीड वाढवला की शेजारी शेजारी पडलेल्या वस्तू वेगवेगळ्या ऐकू येतात पण खोली थोडी कमी होते, हा सौदा आहे. आणि कॉइल जमिनीला घासून, समांतर, हळू. शेवटाला वर उचलली जाते सगळ्यांची, त्याकडे लक्ष द्या.

अजून एक, सरावासाठी इथली चिल्लरच वापरा. १९९२ च्या सप्टेंबरपासूनची १ आणि २ पेन्सची नाणी आतून स्टीलची आहेत, वरून तांब्याचा मुलामा. त्याआधीची कांस्याची. दिसायला सारखीच, लोहचुंबकाने लगेच वेगळी होतात. ५ आणि १० पेन्सचंही २०१२ पासून तेच, निकेलचा मुलामा दिलेलं स्टील. जुनं आणि नवं दोन पेन्स शेजारी ठेवून कॉइल फिरवा, डोळ्याला एकच नाणं आणि कानाला दोन वेगळ्या वस्तू. मग जुन्या नाण्याशेजारी खिळा ठेवा, चार बोटं लांब, मग दोन बोटं, मग वर आडवा, आणि प्रत्येक वेळी चारी बाजूंनी ऐका. हे अंगणात करा, घरात नको, वायरींमुळे मशीन बडबड करतं.

आणि शेवटचं, तुम्ही पाव पेनीची नोंद केली असेलच, नसेल तर तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा. या नोंदींची योजना, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, १९९७ पासून चालू आहे, डेटाबेसमधे १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या बहुतेक आपल्यासारख्या हौशी लोकांनी दिलेल्या. एकटी पेनी ट्रेझर, म्हणजे कायद्याच्या भाषेत ठेवा, ठरत नाही पण ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकाच ठिकाणी निघाली की १९९६ चा ट्रेझर अॅक्ट लागू होतो, १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवायचं. २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, विशेष महत्त्वाची धातूची वस्तूसुद्धा त्यात येते, सोनं-चांदी नसलं तरी. आणि एका खड्ड्यात एकावर एक निघायला लागलं, किंवा नांगरटीच्या खालच्या घट्ट मातीतून सिग्नल येतोय असं दिसलं, तर तिथे हात थांबवायचा आणि फोन करायचा. २००९ मधे स्टॅफर्डशायर होर्ड हा पुरलेला ठेवा मिळाला तेव्हा नंतर पुरातत्त्ववाल्यांनी ते शेत रीतसर खणलं म्हणून आज ३५०० च्या वर तुकड्यांचा अभ्यास होतो, ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. उलट २०१५ ला लेमिन्स्टरजवळ दोघांनी आल्फ्रेड राजाच्या काळातला ठेवा गुपचूप विकला, २०१९ ला दोघं तुरुंगात गेले आणि त्यातली बहुतेक नाणी आजही गायब आहेत. इतिहासाचं नुकसान झालं ते झालंच.

इंडक्शन_काका

नानांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त आत काय चालतं ते सांगतो कारण ते एकदा कळलं की आवाज पाठ करावे लागत नाहीत. मी पुण्यात असतो, इलेक्ट्रॉनिक्समधून निवृत्त, मुलीकडे जातो तेव्हा जावयाबरोबर शेतात फिरणं होतं.

कॉइलमधे खरं तर दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं. इक्विनॉक्स ८०० वर ५, १०, १५, २० आणि ४० किलोहर्ट्झ असे पर्याय आहेत आणि मल्टी नावाच्या सेटिंगमधे बऱ्याच फ्रिक्वेन्सी एकदम चालतात. हे क्षेत्र धातूत घुसलं की त्यात गोल गोल प्रवाह फिरायला लागतात, त्यांना एडी करंट म्हणतात, आणि ते प्रवाह स्वतःचं छोटं क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते परत आलेलं क्षेत्र ऐकतं. आता खरी गोष्ट: परत येणारा सिग्नल किंचित *उशिरा* येतो. जाड, मोठ्या, चांगल्या वाहक धातूत प्रवाह जास्त वेळ टिकतो म्हणून उशीर जास्त, पातळ फॉइलमधे तो लगेच मरतो म्हणून उशीर कमी. मृणाल, तुमच्या स्क्रीनवरचा आकडा म्हणजे हा उशीर, फक्त उणे ९ ते ४० च्या पट्टीवर मांडलेला. मशीनला चांदी कळत नाही आणि अॅल्युमिनियमही कळत नाही, त्याला फक्त उशीर कळतो. पाव पेनीत प्रवाहाला फिरायला जागाच नाही, म्हणून ५-६.

लोखंडाचं वेगळं. ते प्रवाहाआधी स्वतःच चुंबक होतं, त्याचा परिणाम उलट्या अंगाला जातो म्हणून उणे आकडे. पण चपट्या पत्र्यात किंवा वॉशरसारख्या गोल लोखंडात प्रवाह इतके जोरात फिरतात की ते चुंबकपणावर मात करतात आणि मशीन म्हणतं ही तर चांगली वस्तू.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते जी नवीन लोकांना कुणी सांगत नाही. प्रवाहाला पूर्ण गोल वाट लागते. अखंड अंगठी छान वाजते, तीच अंगठी एका जागी कापली की आकडा धाडकन खाली येतो, सोनं तेवढंच असलं तरी. आणि बारीक साखळी म्हणजे तर डिटेक्टरच्या दृष्टीने शेकडो सुट्या कड्या, प्रत्येक कडी एकेकटी ऐकू येते किंवा येतच नाही. दहा ग्रॅमची चेन हातभर अंतरावर पडलेली असून मशीन गप्प राहू शकतं आणि तिचा फासा तेवढा किणकिणतो. म्हणून समुद्रावर खालच्या आकड्यांचा आखूड, पुन्हा पुन्हा येणारा टोन सोडू नये.

जाता जाता, १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात गोळी अडकली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असंच इंडक्शनचं यंत्र घेऊन ती शोधायचा प्रयत्न केला. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे, शिवाय पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. नानांचा खिळा आणि नाणं शेजारी शेजारी, तोच प्रश्न.

मृणाल_लिंकन

काका, नाना, किती छान समजावलंत! उशीर हा शब्द वाचला आणि एकदम लख्ख झालं. म्हणजे माझा १३-१४ हा कधीच एका वस्तूचा आकडा नव्हता. पेनीवर क्रॉसची रेघ कडेपर्यंत जातेय, आणि हो, फोटो काढून लायझन ऑफिसरना पाठवलीये, जागा जीपीएसने घेतली होती.

एक विचारायचंय, नांगरलेल्या शेतात मशीन मधेच विनाकारण कुरकुरतं, खणावं तर काहीच नाही. हे काय?

बेंडिगोकर

मृणाल, हे माझं रोजचं दुखणं आहे म्हणून मी बोलतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगोजवळ राहतो, आम्ही नाणी शोधत नाही, सोन्याचे नैसर्गिक गोळे शोधतो, नगेट. इथली लाल माती लोहयुक्त खड्यांनी इतकी भरलेली आहे की तुमच्यासारखं मशीन इथे आणलं तर काही ठिकाणी जमीनच सतत वाजते. आम्ही पल्स इंडक्शनची मशिनं वापरतो, त्यात क्षेत्र सतत सोडत नाहीत, एक झटका देऊन बंद करतात आणि मग शांततेत ऐकतात. जमिनीचा परिणाम बराच लवकर विरतो, धातूचा टिकतो. खोली जबरदस्त मिळते पण आकडे बिकडे काही नाही, लोखंडही खणावं लागतं. एक बारीक गुणगुण कायम कानात चालू असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात, आणि आमचं सगळं काम म्हणजे त्या गुणगुणीत कुठे लहर आली ते पकडणं. काही मशीनवर बारकं सोनं आधी वर आणि मग खाली जाणारा सूर देतं, मोठं आणि खोल असेल तर बरोब्बर उलटा. पण मोठ्या लोखंडाचा सूरही त्या मोठ्या सोन्यासारखाच असतो, म्हणून दोन्हीकडे खणावंच लागतं. जवळच किंगोअरला १९८० मधे २७ किलोचा हँड ऑफ फेथ डिटेक्टरनेच सापडला, तो बारा इंचांच्या आसपासच खोल होता असं सांगतात, म्हणून इथे कुणी मोठा सूर सोडत नाही.

तुझ्या कुरकुरीसाठी: आधी जिथे काही वाजत नाही अशी जागा बघून ग्राउंड बॅलन्स कर, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लाव, कॉइल खालीवर करायची पण आपटायची नाही. नांगरलेल्या शेतात ढेकळं आणि पोकळ्या असतात, कॉइल कधी मातीवर कधी हवेवर, म्हणून जमिनीचा आवाज सारखा बदलतो. पाऊस पडून ढेकळं बसली किंवा शेतकऱ्याने रूळ फिरवला की तेच शेत गुणी होतं. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या खाली आण, लोक ती कायम वर चढवून ठेवतात आणि मग भुतासारखे आवाज ऐकत बसतात. विजेच्या तारा वरून जात असतील तर नॉइज कॅन्सल, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट टाळायचं सेटिंग, वापर. आणि आमची सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे बूट. जिथे कुरकुरलं तिथली वरची बोटभर माती बुटाने खरवडायची आणि परत कॉइल फिरवायची. आवाज गेला किंवा पसरट झाला तर तो मातीचा, आवाज धारदार झाला तर खाली धातू आहे.

कानाबद्दल म्हणशील तर आपल्याकडे नारळवाला नारळ वाजवून आत पाणी किती ते सांगतो, त्याला कुणी आकडे शिकवलेले नसतात, हजारो नारळ फोडलेले असतात. तसंच सगळं खणत जा. खणायच्या आधी मोठ्याने बोलून अंदाज सांगायचा, ही रिंग, हे शिसं, हा खिळा, आणि मग बघायचं. न बोलता खणलं की कान शिकत नाही, कारण वस्तू बघितल्यावर आपल्याला वाटतं मला माहीतच होतं.

अजिंक्यतारा_९१

जबरी धागा! मी साताऱ्याचा, हे वाचून मलाही एक मशीन घ्यावंसं वाटतंय. ऑनलाइन मिळतात पाच-सात हजारापासून. आपल्याकडे गडाच्या पायथ्याला पावसाळ्यानंतर शिवराई सापडतात म्हणे, सुट्टीच्या दिवशी फिरलं तर चालेल ना? कुणाचं नुकसान तर नाही.

गडवाट

मित्रा, नाही चालणार, आणि हे मी तुला तोडायला म्हणून सांगत नाहीये, तुझी ओढ खरी आहे हे कळतंय म्हणून नीट सांगतो. मी किल्ल्यांवर संवर्धनाच्या कामाला जातो, दर पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे ताजा खड्डा दिसतो, वाड्याच्या जोत्यात, टाक्याच्या कडेला, देवळाच्या पायरीखाली. कुणीतरी रात्री येऊन गुप्तधन शोधून गेलेलं असतं.

कायदा आधी. केंद्राचा १९५८ चा आणि आपल्या राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा. तू म्हणशील मी पायथ्याच्या खाजगी शेतात फिरेन. तिथे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. इंग्लंडसारखी शेतकऱ्याची परवानगी घेऊन फिरा, वस्तू दाखवा, नोंद करा आणि मोबदला घ्या अशी गावागावातली व्यवस्था आपल्याकडे नाही. ती असावी का यावर मी कितीही वेळ बोलायला तयार आहे, मला स्वतःला वाटतं असावी, पण आज नाही.

आणि नुकसान होतं रे. शिवराई तांब्याची, बाजारात ढिगाने मिळते, पैशाने तिची किंमत फार नाही. पण ती कुठल्या जोत्यात, कुठल्या थरात, कुठल्या खापराबरोबर होती यावरून तो वाडा कधी वापरात होता ते कळतं. खिशात घातली की ती नुसतं तांबं. गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमधे, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला एका सिनेमानंतर अफवा उठली की मुघलांचं सोनं पुरलेलं आहे, गावंच्या गावं रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणायला लागली. शेतकऱ्यांच्या जमिनीची चाळण झाली. त्याच वर्षी जुलैमधे आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारशात गेले. एकाच वर्षातल्या या दोन्ही बातम्या मला एकत्र आठवतात आणि त्रास होतो.

तुला खरंच करायचं असेल तर दोन रस्ते आहेत. नाणी ओळखायला शीक, नाणेसंग्राहकांच्या संस्थांची प्रदर्शनं असतात, तिथे शिवराईचे किती प्रकार आहेत ते बघून वेड लागेल. आणि डिटेक्टर घेतलाच तर लोकांचं हरवलेलं शोधून दे, स्वतःच्या किंवा ज्याचं शेत त्याच्या सांगण्यावरून. ते शंभर टक्के स्वच्छ काम आहे आणि गावाकडे त्याची फार गरज आहे.

अजिंक्यतारा_९१

पटलं दादा. कलेक्टरवालं माहीतच नव्हतं. प्रदर्शनाचं बघतो.

वारणाकाठची_स्नेहा

गडवाट दादांनी हरवलेल्याचं लिहिलंय म्हणून विचारते. आमच्या आईची सोन्याची पाटली भात लावणीच्या चिखलात पडली, दोन पाटल्यांतली एक. कुठल्या वावरात ते नक्की माहितीये, चार गुंठ्यांचा तुकडा आहे, पण नंतर पीक उभं राहिलं. आता कापणी झालीये. आई रोज बांधावर जाऊन बघते. काळी माती आहे. डिटेक्टरने सापडेल का? काकांनी लिहिलंय साखळी ऐकू येत नाही, पाटलीचं काय?

इंडक्शन_काका

स्नेहा, सापडण्याची शक्यता खूप चांगली आहे, आईंना सांग. पाटली अखंड, जाड आणि मोठ्या गोलाची, प्रवाहाला फिरायला याहून चांगली वाट नाही. मळसूत्राची असेल आणि पडताना मळसूत्र उघडलं असेल तर सिग्नल थोडा कमी होईल, तरी एवढं सोनं गप्प बसत नाही. मंगळसूत्र पडलं असतं तर मी म्हटलं असतं फक्त दोन वाट्या ऐकू येतील, मणी आणि सर नाही.

चिखलणी केलेल्या वावरात खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो, जड वस्तू साधारण त्याच्यापर्यंत जाऊन थांबते. म्हणजे वीत-दीड वीत. पाटलीएवढी वस्तू तेवढ्या खोलीवर चांगल्या मशीनला येते. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट असतं म्हणून खोली थोडी कमी मिळेल आणि स्वस्तातलं पाच-सात हजारवालं मशीन तिथे नुसतं कोकलत बसेल. ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतो असंच मशीन हवं. विकत घेऊ नका, कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मिळवा.

नॉरफोकचा_नाना

काकांच्या पुढचं मी सांगतो. स्नेहाताई, पहिली गोष्ट, ते वावर शोध होईपर्यंत नांगरू नका. ट्रॅक्टरने पाटली वाकेल, तुटेल आणि वीस फूट ओढत नेईल, तुटली की सिग्नलही पडेल. धसकटं शक्य तेवढी जमिनीबरोबर कापून घ्या म्हणजे कॉइल मातीला लागून फिरेल, दोन इंच वर फिरली की तेवढी खोली गेलीच. माती किंचित ओली असताना करा.

दुसरी पाटली आईंच्या हातात आहे ना, ती फार मोठी मदत आहे. शोधायच्या आधी ती वावराच्या कोपऱ्यात वीतभर खोल पुरा, दोरी बांधून, आणि त्याच मशीनवर तिचा आवाज सगळ्यांनी ऐका, आकडा लिहून घ्या. आडवी ठेवून ऐका आणि उभी ठेवूनही, उभी असताना आवाज लहान येतो आणि कधी कधी दोन ठिकाणी फुटल्यासारखा येतो. मग लगेच बाहेर काढा. आता तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय ते माहीत आहे, आणि तो आवाज आला नाही तरी त्याच्या जवळपासचं सगळं खणायचं.

बांधापासून बांधापर्यंत सुतळी लावून तीन-तीन फुटांचे पट्टे पाडा, एका पट्ट्यात जाताना आणि येताना, फेऱ्या एकमेकीवर अर्ध्या चढल्या पाहिजेत. सगळं झाल्यावर सुतळी आडवी लावून परत. लावणीच्या दिवशी बायकांची ओळ कुठून कुठे सरकत होती आणि आईंना हात मोकळा वाटला तेव्हा ओळ कुठे होती ते विचारून तिथून सुरुवात करा. बांधाच्या कडेचं, जिथे हातपाय धुतात त्या पाटातलं विसरू नका, साबण लावलेल्या हातातून पाटली तिथेच निसटते. खुरपं नको, पाटलीला ओरखडा पडेल, शेवटची माती हाताने काढा.

वारणाकाठची_स्नेहा

नाना, काका, आईला वाचून दाखवलं. पाटात हात धुतले होते म्हणाली, घरी गेल्यावर लक्षात आलं. इचलकरंजीला मावसभावाच्या ओळखीत एकजण पाइपलाइन शोधायला मशीन वापरतो, त्याला विचारते ग्राउंड बॅलन्स हाताने होतो का.

इंडक्शन_काका

पाइपलाइनवाल्यांचं मशीन बऱ्याचदा वेगळ्या प्रकारचं असतं, दोन पेट्या आणि मधे दांडा. ते मोठ्या पाइपसाठी, पाटली त्याला दिसायची नाही. गोल कॉइल आणि हातात धरायची दांडी असेल तरच आणा. मॉडेलचं नाव इथे टाका, मी सेटिंग लिहून देतो.